तीन चमचे कॅनडाची

आमच्या घरात दार उघडलं की पहिला शब्द "आलात?" असा नसायचा. "हा करा" असा असायचा.

मी चौकटीला टेकून उभी राहायची. हे सायकल भिंतीला लावायचे, डबा माझ्या हातात द्यायचे आणि तोंड उघडून माझ्या नाकासमोर "हाऽ" करायचे. कंपनीच्या गेटवर सुटताना झडती देतात ना, तसंच. मी वास घ्यायची. तंबाखू, कॅन्टीनचा चहा, कधी भजी. बाकी काही नसलं की बाजूला व्हायची आणि मग यांना घरात यायला मिळायचं. साडेतीन वर्षं हे रोज चाललं होतं. पाहुणे असले तरी सुटका नाही. एकदा यांचे थोरले भाऊ गावाहून आले होते, त्यांच्यादेखत मी यांना हा करायला लावलं. भाऊजींनी मान खाली घातली. यांनी मुकाट्यानं केलं. मला तेव्हा त्याचं काही म्हणता काही वाटलं नाही.

उगाच नव्हतं हो ते. लग्न झालं तेव्हा आम्ही दापोडीत राहायचो, रुळाच्या कडेच्या आळीत, माझ्या माहेरापासून तीन घरं सोडून. नदीच्या अंगाला हातभट्टी मिळायची. हे फिटर, हातात असं कसब की बिघडलेली कुठलीही गोष्ट यांच्यापुढे ठेवा, चालू. पण आधी पगाराच्या दिवशी, मग आठवड्याला, मग रोज, असं करत हे त्यात बुडत गेले. थोरली दोन वर्षांची असताना पिऊनच कामावर गेले आणि डाव्या हाताची अर्धी करंगळी मशीनला देऊन आले. कंपनीनं मेमो दिला. मी मुलीला काखेत मारलं आणि तीन घरं ओलांडून माहेरी जाऊन बसले.

आठव्या दिवशी हे आले, करंगळीला पट्टी बांधून. माझे वडील ओट्यावर होते. "घरात नको, विहारात चला," एवढंच म्हणाले. तिथं यांनी हात जोडून पाची शीलं पुन्हा म्हटली. पाचव्याला, दारू न पिण्याच्या शीलाला, आवाज चिरकला. वडिलांनी तेवढं एक तीनदा म्हणायला लावलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "पुन्हा वास आला तर पोर परत पाठवणार नाही." मी मनात म्हटलं, वास घ्यायचं काम माझ्याकडे लागलं.

मग आम्ही संत तुकाराम नगरला दोन खोल्यांत आलो. धाकटी झाली. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडलेला, तेव्हाची ही गोष्ट.

यांच्या कंपनीत गिअर कापायचं नवं मशीन आलं आणि ते बसवून द्यायला मशीनमागोमाग कॅनडाचा एक म्हातारा आला. साहेब नव्हे बरं का, फिटरच. नखांत ग्रीस असलेला. हाताखाली यांना दिलं. यांचं इंग्रजी म्हणजे येस, नो, टाइट, लूज. त्याचं मराठी शून्य. चार महिने दोघं पान्यांनीच बोलले म्हणा ना. पण काय जमलं होतं बाई दोघांचं! घरी येऊन त्याच्याच गोष्टी. तो असा बोल्ट पकडतो, तो असा कान लावून बेअरिंग ऐकतो. माझे कान किटायचे.

कॅन्टीनच्या तिखटानं त्या म्हाताऱ्याच्या पोटाचे हाल झाले, म्हणून मी यांच्यासोबत त्याचाही डबा द्यायला लागले. भाकरी, लोणी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि गूळ-शेंगदाणे. त्याला गूळ म्हणता येईना. "गूड, गूड" म्हणायचा.

"त्याला लई आवडतंय," हे म्हणाले.

"आवडलं म्हणतोय की नुसतं नाव घेतोय?" मी म्हटलं.

"ते न्हाई कळलं. पन डबा पुसून खातो."

मशीन चालू झालं, म्हातारा जायला निघाला. त्या दिवशी यांची पहिली पाळी होती, चारच्या सुमाराला घरी आले. हा करा म्हटलं, केलं. स्वच्छ. मी बाजूला झाले. हे आत आले आणि रेक्झिनच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली काढून हळूच फळीवर ठेवली. मी कागद सोडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही कुठली सवत आणलीत?"

"अगं, भेट हाय. त्या म्हाताऱ्यानं दिली."

"नको म्हणायला जीभ झडली होती?"

"कसं म्हनू? साहेब लोकांना त्यानं पेनं वाटली. मला ही. दुभाष्याला मधी घालून सांगितलं त्यानं, ही काय भारीतली न्हाई, तिकडं आमच्यासारखी कामगार मानसं पितात ती हाय, मी घरी हीच पितो. सोताच्या पेटीतली काढून दिली. आता त्याला काय सांगू? मी दारुडा हाय, मला नगं?"

मला बोलता येईना. आणि बोलता आलं नाही की माझा आवाज चढतो, हे सगळ्या आळीला माहीत होतं.

"कशाची आहे ती?"

"राय म्हनतात तिला."

"राई? मोहरीची दारू गाळतात तिकडं?"

"मोहरी न्हाई गं. धान्य हाय कसलं तरी, गव्हावानी. आन् तू आता राईचा पर्वत करू नको."

"राई तुम्ही घरात आणली. पर्वत होणारच."

फेकून द्या म्हटलं, नाही म्हणाले. कुणाला तरी देऊन टाका म्हटलं, त्यालाही नाही. "पिनार बी न्हाई आन् देनार बी न्हाई. ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि पाय धुवायला मोरीत गेले.

राहू दे म्हणे! त्या काळात परमिट नसताना घरात बाटली ठेवणं म्हणजे पोलिसाला पाट मांडून ठेवणं. पण पोलिसाची भीती मला एक आणा, बाकी पंधरा आणे भीती यांचीच. माझ्या जिवाला चैन म्हणून राहिली नाही. बाटली आधी ट्रंकेत ठेवली, सतरंजीच्या खाली. मग वाटलं, ट्रंक यांच्या हाताशी आहे. पिठाच्या डब्यामागे नेली. तिथं मुलींचा हात जाईल म्हणून माळ्यावर टाकली. माळ्यावरून पडली तर, म्हणून परत ट्रंकेत. भाकरी थापता थापता उठायची आणि बघून यायची. तव्यावरची भाकरी करपायची. एक दिवस तर धाकटीला न्हाऊ घालताना तशीच साबणाच्या अंगानं सोडून गेले, ती मोरीत भोकाड पसरून बसली.

बूच फिरवलंय का ते कळावं म्हणून मी त्यावर हळदीचा बारीक ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी हे जेवताना खाली बघतच म्हणाले, "ठिपका चुकलाय तुझा."

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"नुसता बुचावर लावून काय कळनार? एक बुचावर, एक गळ्यावर, दोन्ही एका रेषेत पायजेत. नट ढिला झाला का बघायला आमी तसंच करतो."

मी उठले आणि दुसरा ठिपका लावून आले. हे जेवत राहिले. आपल्याच नवऱ्यावर पाळत कशी ठेवायची, ते मला नवऱ्यानंच शिकवलं. आहे की नाही कमाल!

असा महिना-दीड महिना गेला. मग कंपनीच्या पत्त्यावर त्या म्हाताऱ्याचं पत्र आलं. ड्रॉइंग ऑफिसातल्या एका कारकुनानं यांना ते मराठीत वाचून दाखवलं. मशीन कसं चाललंय, तुमच्या घरचा तो गूड मला इथं कुठंच मिळत नाही, आणि बाटली कशी लागली? खरं खरं लिही, असं त्यानं खाली रेघ मारून लिहिलं होतं.

झालं. तेव्हापासून या माणसाचं बूड एका जागी ठरेना. कामावरून यायचे, हा करायचे, आत येऊन खिडकीपाशी, खिडकीपासून दाराशी. अर्ध्या करंगळीचं टोक अंगठ्यानं चोळत राहायचे. पंधरा दिवस झाले तरी उत्तर नाही.

"लिहून टाका ना, पीत नाही म्हणून," मी म्हटलं.

"मग घेतली कशाला, म्हनल त्यो. चार म्हैने आपल्या घरचं खाल्लं त्यानं, एकदा न्हाई म्हनला न्हाई."

"मग लिहा, प्यालो, छान होती."

"खोटं? खोटं बोलायचं न्हाई, हे चवथं शील. प्यालो तर पाचवं मोडतं." आणि जरा थांबून, "पाचातलं एक मोडायचंच हाय मंजी."

म्हणजे हिशेब सुरू झाला होता तर डोक्यात!

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी पाण्याची कळशी घेऊन आत आले तर हे खिडकीत उभे. हातात बाटली, उन्हासमोर धरलेली. ठिपके जागच्या जागी होते, मी आधी तेच बघितलं. पण यांच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. तोंडात काही नसताना माणसानं आवंढा गिळला. मला बघून बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, "रंग बघत हुतो." मी कळशी ठेवली. तीन घरं ओलांडून माहेरी जायचा रस्ता आता दापोडीइतका लांब झाला होता, आणि आता दोन मुली होत्या.

दुसऱ्या दिवशी थोरली शाळेत, धाकटी गोधडीवर झोपलेली, हे पहिल्या पाळीला. दुपारी दोनचा सुमार. मी भांडी घासली, पुन्हा घासली, मग ट्रंक उघडली. ओतून टाकणार होते, खरं सांगते. बूच फिरवलं, कट् झालं, ठिपके फाकले. मोरीवर बाटली तिरपी धरली आणि तिथंच हात थांबला. माझ्या मनात आलं, मेलं आहे तरी काय एवढं यात? माझ्या संसाराचं, यांच्या बोटाचं मातेरं केलं त्याची चव मला माहीत नसावी?

मुलींच्या औषधाचा चमचा घेतला. भिंतीवरच्या तसबिरींकडे पाठ करून बसले. पहिला अर्धा चमचा लुगड्यावरच सांडला.

वास आधी दवाखान्याचा आला, सुई टोचायच्या आधी कापसानं चोळतात तो. मी नाक धरून चमचा तोंडात रिकामा केला. जळेल म्हणून डोळे घट्ट मिटले होते. हातभट्टीनं माणसाच्या घशाची सालं जातात असं ऐकलं होतं, यांना खोकताना बघितलंही होतं. पण जळलं नाही. नुसतं कोमट झालं.

नीट कळलं नाही म्हणून दुसरा घेतला. या वेळी नाक सोडलं. आणि काय सांगू, गूळ! गुळाच्या पाकाला आच जरा जास्त लागली की जो वास सुटतो, अगदी तो. मागून सुताराकडचा ओला भुसा. आणि गिळल्यावर जिभेच्या टोकाला मिरीचा चटका. छातीत कुणीतरी हलक्या हातानं शेक दिल्यासारखं वाटलं. दोन महिने मानेत एक ताठा धरला होता, तो आपोआप सुटला. खांदे खाली आले. धाकटीचा श्वास ऐकू आला. किती दिवसांनी मी नुसती बसले होते.

पहिला चमचा बघायला घेतला होता. दुसरा कळलं नाही म्हणून. तिसऱ्याला काही कारण नव्हतं. तिसरा मी हवा म्हणून घेतला.

आणि तो घेतल्यावर मी अशी घाबरले, अशी घाबरले! वाईट लागली असती तर बरं झालं असतं. शिव्या देऊन ओतली असती. ही तर गोड होती, शहाणी होती. बूच लावलं, बाटली फळीवर ठेवून दिली आणि घरभर फिरायला लागले. तेवढ्यात दार वाजलं. शेजारची, लातूरकडची, विरजण मागायला आलेली. मी ओठ मिटून वाटी घेतली, ओठ मिटून विरजण घातलं.

"आगं माय, दाढ दुखायली काय?"

मी जोरजोरात मान हलवली. ती लवंग धर म्हणाली आणि गेली. मी लवंग धरली. मग बडीशेप खाल्ली. मग कच्चा कांदा चावला. कांदा चावताना एकदम लक्षात आलं की या सगळ्या युक्त्या यांच्या होत्या. दापोडीत हे हेच करून यायचे आणि मी हेच एक एक करून पकडायची. आता मीच तोंडात कांदा कोंबून उभी. मला माझीच शिसारी आली.

साडेतीनचा भोंगा झाला.

हे आले. सायकल लावली. डबा दिला. आणि सवयीनं तोंड उघडून उभे राहिले. मी डबा घेतला आणि वळले. मागून "हाऽ" ऐकू आलं, माझ्या पाठीला.

"आज वास घ्यायचा न्हाई?"

मी नुसता हात हलवला. हे उंबऱ्यावरून आत बघत होते. फिटरची नजर, फळीवर गेली आणि थांबली.

"ठिपके सरकलेत," म्हणाले. "कोन आलं हुतं?"

मी मान हलवली. कोणी नाही. यांना कळायला वेळ लागला नाही. पुढं आले, माझ्या अगदी समोर उभे राहिले आणि म्हणाले, "हा कर."

साडेतीन वर्षांत पहिल्यांदा ते शब्द माझ्याकडे आले. तोंड उघडायचं, एवढंच. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आपला श्वास दुसऱ्यानं तपासायचा! आणि हे मी या माणसाला रोज करायला लावलं, स्वच्छ असताना, भावासमोर. मला भाऊजींची खाली गेलेली मान दिसली. मी हा केलं.

हे मागं सरकले नाहीत. डोळे मिटले आणि श्वास आत घेतला, लांब, पोटापर्यंत. कांदा, लवंग, बडीशेप, त्याखालचं ते.

"पुन्ना कर."

मी पुन्हा केलं. यांची घाटी हलली, कालच्यासारखीच. संपलं, मला वाटलं, माझ्याच तोंडानं मी हे परत घरात आणलं. मग यांनी डोळे उघडले. पाण्यानं भरले होते. उंबऱ्यावर बसले, बूट न काढता, आणि खालच्या आवाजात विचारलं, "कशी हाय?"

मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. स्पिरिट, गूळ, भुसा.

"घसा जाळती?"

"नाही. तोच तर घात आहे."

"आन् मागनं?"

"मिरी. टोकाला."

हे ऐकत होते, तो म्हातारा बेअरिंगला कान लावायचा म्हणत ना, तसे. "मंजी चांगली हाय," म्हणाले.

"चांगली आहे," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. "फार चांगली आहे हो. तिसरा चमचा मी का घेतला, मला कळत नाही."

"मला कळतंय," हे म्हणाले.

मग उठले. बाटली घेतली, मोरीत गेले, तोंड भिंतीकडे फिरवून, श्वास रोखून ती ओतली. वरून दोन बादल्या पाणी टाकलं. वास तरी संध्याकाळपर्यंत घरात होता. लातूरवालीनं भिंतीपलीकडून विचारलं, "गूळ करपला का गं?" मी हो म्हटलं. चौथं शील गेलं ते तिथं.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं पत्र लिहिलं. 'मी चाखली' असं लिहू का, त्यानं विचारलं तर हे म्हणाले, "न्हाई. आमच्या घरात चाखली, असं लिवा. गुळावानी लागली, मागनं मिरी. चांगली हुती." पुढच्या पौर्णिमेला विहारात पाचव्या शीलाला माझा आवाज चिरकला. हे शेजारून कुजबुजले, "तीनदा म्हन." असा राग आला मला! पण म्हटलं, तीनदा.

मुली आता विचारतात, बाबा त्यानंतर कधी प्याले का? मी ठणकावून सांगते, नाही. कशावरून, म्हणतात. कशावरून ते मला सांगता येत नाही, कारण वास घेणं मी तेव्हाच सोडलं.

पत्र गेलं त्याच दिवशी हे कामावरून आले. सायकल लावली, डबा दिला आणि तोंड उघडून उभे राहिले. मी डबा घेतला आणि चौकटीतून बाजूला झाले.

"आलात?" मी म्हटलं.

यांना तोंड मिटायला जरा वेळ लागला.

"आलो," म्हणाले, आणि घरात आले.